कुत्र्याचं पोट बिघडलं तर आधी काय बघायचं, काय खायला द्यायचं आणि कधी पळायचं

रात्री तीनला तो आवाज येतो. घरात कुत्रा असलेल्यांना वेगळं सांगायला नको, पार बेंबीच्या देठापासून येणारं ते हुप्प हुप्प हुप्प, आणि आपण दिवा लावेपर्यंत गालिच्यावर कार्यक्रम उरकलेला असतो. अख्खी फरशी मोकळी असताना यांना ओकायला गालिचाच का लागतो हे मला आजवर कळलेलं नाही. मग आपण काय करतो, आधी पुसतो, मग घाबरतो, मग औषधाच्या डब्यात हात घालतो. हे सगळं उलटं करायचंय. पुसायच्या आधी नीट बघा, मोबाईलवर फोटो काढा (घाण वाटते, पण डॉक्टरला याच फोटोचा उपयोग होतो), आणि औषधाचा डबा बंदच राहू द्या.

मी काही डॉक्टर नाही, १४ वर्षं कुत्री पाळतोय आणि हा तिसरा. जे लिहितोय ते डॉक्टरकडे खेपा घालून, चुका करून शिकलेलं आहे, डॉक्टरच्या ऐवजी नाही तर डॉक्टरकडे जायचं की नाही आणि जाईपर्यंत काय करायचं एवढ्यासाठी.

सगळ्यात आधी, उलटी किंवा शी किती भयंकर दिसतेय त्यापेक्षा कुत्रा कसा आहे ते बघा. मोठा धडधाकट कुत्रा एकदा ओकला आणि पाच मिनिटात शेपटी हलवत परत तुमच्या ताटाकडे बघायला लागला तर बहुतेक वेळा नुसतं लक्ष ठेवलं तरी पुरतं. पण शी जराशीच पातळ आहे आणि कुत्रा कोपऱ्यात निपचित पडलाय, हाक मारली तर नुसते डोळे वर करतो, तर ते जास्त वाईट.

मग हिरड्या बघा. वरचा ओठ अलगद उचलायचा, हिरडी गुलाबी, ओली आणि बुळबुळीत असायला हवी. बोटाने दाबा, तिथे पांढरा ठिपका पडतो, बोट काढल्यावर २ सेकंदांच्या आत गुलाबी रंग परत आला पाहिजे. हिरडी फिकट, पांढरी, निळसर किंवा विटेसारखी लाल असेल तर पुढचं वाचत बसू नका, निघा. बोटाला कोरडी आणि चिकट लागली तर अंगातलं पाणी कमी झालंय. काही कुत्र्यांच्या हिरड्या काळ्याच असतात, आमचा सध्याचा तसाच आहे, तर त्यांची खालची पापणी जरा ओढून आतला रंग बघायचा. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडतात तीही एक पद्धत, लगेच जागेवर गेली नाही तर पाणी कमी, पण म्हाताऱ्या आणि वाळक्या कुत्र्यांची कातडी एरवीच सैल असते त्यामुळे मी हिरडीवरच जास्त भरवसा ठेवतो. आणि हे सगळं आज, कुत्रा ठणठणीत असताना एकदा करून बघा, नाहीतर रात्री तीनला बॅटरी तोंडात धरून बघताना 'हा गुलाबी नेहमीचा की फिकट' तेच कळत नाही.

नाक कोरडं म्हणजे ताप, हे डोक्यातून काढून टाका, झोपून उठल्यावर कुणाचंही नाक कोरडं असतं. कुत्र्याचं नॉर्मल तापमानच १०१ ते १०२.५ फॅरनहाइट, म्हणजे साधारण ३८.३ ते ३९.२ सेल्सिअस. आपल्याला जो ताप तो त्यांचा रोजचा. मोजायचं तर शेपटीखालून, डिजिटल थर्मामीटरला व्हॅसलीन लावून, आणि १०३ च्या वर असेल तर डॉक्टरला फोन.

आता उलटी म्हणजे नक्की काय हे पण बघून घ्या, कारण डॉक्टर पहिलं हेच विचारतात. पोट आत-बाहेर खेचलं जाऊन, उबळ येऊन बाहेर पडतं ती उलटी. नुसती मान खाली केली आणि गिळलेलं अन्न तसंच्या तसं, कधी नळीच्या आकारात, काही जोर न लावता घळकन बाहेर आलं तर ती उलटी नाही, ते अन्न पोटापर्यंत पोचलेलंच नाही, म्हणजे भानगड अन्ननलिकेत आहे. आणि खोकून खोकून शेवटी थोडा फेस टाकतात तो तिसराच प्रकार, तो छातीचा किंवा घशाचा. तोंडाने हे समजावून सांगणं अवघड आहे, २० सेकंदांचा व्हिडिओ काढा, काम झालं.

कधी लगेच पळायचं ते सांगतो. उबळ येतेय, ओकायचा प्रयत्न चाललाय पण लाळ आणि फेसाशिवाय काही बाहेर पडत नाही, पोट ढोलासारखं ताणलंय, कुत्रा अस्वस्थ फिरतोय, बसत नाही की पडत नाही, हे दिसलं की एक मिनिट पण घालवू नका. पोट गॅसने फुगून स्वतःभोवती पीळ खातं, रक्तपुरवठा बंद होतो आणि काही तासांत कुत्रा जातो, वाचवायचा तर ऑपरेशनच. खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांत जास्त होतं, ग्रेट डेन, जर्मन शेफर्ड, डॉबरमन वगैरे, पण बाकीच्यांना होतच नाही असं नाही. 'सकाळपर्यंत बघू' हे वाक्य इथे चालत नाही.

बाकी, उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काळपट काही, डांबरासारखी काळी चिकट शी, नुसतं रक्तच पडतंय अशी शी, प्यायलेलं पाणीसुद्धा पोटात ठरत नाही, दिवसात तीन-चारच्या वर उलट्या, पोटाला हात लावू देत नाही, किंवा पुढचे पाय जमिनीला टेकवून मागचा भाग वर करून तसाच उभा राहतो, या सगळ्याला त्याच दिवशी डॉक्टर. तो शेवटचा प्रकार आळस देण्यासारखा दिसतो आणि आपण हसतो, पण सारखा सारखा करत असेल तर पोटात जबर दुखतंय, तेलकट तुपकट खाऊन स्वादुपिंडाला सूज आली की बऱ्याचदा असंच करतात. पिल्लू असेल, म्हातारा असेल, डायबेटिस किंवा किडनीचा पेशंट असेल तर थांबायची मुदत अर्धीच धरा. आणि ऑपरेशन न केलेली मादी, माजावर येऊन एक-दोन महिने झालेत, आता खात नाही, ओकतेय, पाणी मात्र ढसाढसा पितेय, तर हे पोटाचं नसून गर्भाशयात पू झालेला असू शकतो. लोक चार दिवस पोटाचंच औषध देत बसतात.

विषारी काही खाल्लं असेल तर लक्षणांची वाट बघायचीच नाही. चॉकलेट (जितकं गडद तितकं वाईट), द्राक्षं आणि बेदाणे, कांदा-लसूण, दारू, उंदराचं औषध, माणसांच्या गोळ्या, आणि झायलिटॉल, म्हणजे शुगर-फ्री च्युइंगगम वगैरेत गोडव्यासाठी घालतात ते, त्याने कुत्र्याची साखर अर्ध्या-एक तासात धाडकन खाली येऊ शकते. पाकीट सोबत न्या, किती खाल्लं, कधी खाल्लं, कुत्र्याचं वजन किती हे सांगा. घरी मीठ पाजून ओकवायचा उद्योग करू नका, मिठानेच विषबाधा होते, आणि काहीतरी जळजळीत गिळलेलं असेल तर ते वर येताना परत घसा भाजत येतं. ओकवायचं की नाही हे फोनवर डॉक्टरला ठरवू द्या.

आता माझी चूक. दुसरा कुत्रा, गोट्या, दीड वर्षाचा होता. खाल्लं की तासा-दीड तासात उलटी, पण पाणी पितोय, शेपटी हलतेय, बॉल आणून देतोय. मी म्हटलं शेपटी हलतेय ना, मग ठीक आहे. दोन दिवस मी मऊ भात भरवत बसलो. तिसऱ्या दिवशी कपडे घड्या करताना एक मोजा सुटा राहिला, करडा, टाचेला भोक पडलेला, आणि मी तिथेच खाली बसलो. एक्सरेत मोजा दिसलाच नाही (कापड दिसेलच असं नसतं, आतडं गॅसने फुगलेलं दिसतं त्यावरून संशय घेतात), सोनोग्राफीत दिसला, ऑपरेशन झालं, वाचला. म्हणून वर जे म्हटलं की कुत्रा कसा आहे ते बघा, त्याला ही पुस्ती जोडून घ्या, लहान वयाचा आणि दिसेल ते तोंडात घालणारा कुत्रा, प्रत्येक खाण्यानंतर उलटी, आणि शी कमी किंवा बंद, तर शेपटीवर विश्वास ठेवायचा नाही. घरातून काय गायब आहे ते मोजा. मोजे, खेळण्याचे तुकडे, मक्याचं कणीस, बॉल. आणि दोरा किंवा रिबीन तोंडातून नाहीतर मागून लोंबताना दिसली तर ओढू नका म्हणजे नाहीच, आत ती आतड्याला करवतीसारखी कापते.

जुलाबाचं म्हणाल तर शी वाचता आली पाहिजे. थोडी थोडी, पण सारखी, कुंथत कुंथत, वर शेंबडासारखी आव आणि शेवटी ताज्या लाल रक्ताचे एक-दोन थेंब, हे मोठ्या आतड्याचं, दिसायला भीतीदायक पण कुत्रा खेळता असेल तर बऱ्याचदा दोन-तीन दिवसात आटोक्यात येतं. उलट दिवसातून तीन-चारदाच पण भरपूर, पाण्यासारखी, आणि काही आठवड्यांत कुत्रा वाळत चाललाय, तर ते लहान आतड्याचं आणि जास्त काळजीचं. काळी शी म्हणजे वरच्या भागात रक्तस्राव झालाय. पांढरट, खडूसारखी कोरडी म्हणजे हाडं जास्त झाली. तांदळाच्या दाण्यासारखं काहीतरी चिकटलंय, तर ते टेपवर्मचे तुकडे, आणि ते पिसवांतून येतात त्यामुळे जंताचं औषध देऊन पिसवा तशाच ठेवल्या तर महिनाभरात परत हजर.

कारणं बघायला गेलं तर निम्म्या वेळा आपणच असतो. कुणीतरी टेबलाखालून काहीतरी सरकवलेलं असतं, कचऱ्याचा डबा उघडा असतो, दूध दिलेलं असतं (मोठ्या कुत्र्यांना बऱ्याचदा पचत नाही), नाहीतर ऑफर होती म्हणून एका रात्रीत फूड बदललेलं असतं. फूड बदलायला ७ ते १० दिवस घ्या, आधी पाव हिस्सा नवं, दोन-तीन दिवसांनी निम्मं, मग पाऊण. घरातल्या सगळ्यांना बसवून विचारा कुणी काय दिलं, ओरडणार नाही असं आधी कबूल करा, तरच खरं बाहेर येतं.

पिल्लांची गोष्ट वेगळी. लस अर्धवट झालेलं पिल्लू, खात नाही, ओकतंय आणि रक्ताची घाणेरड्या वासाची शी, तर दुसरं काही सिद्ध होईपर्यंत पार्व्होच समजा. १९७८ च्या सुमारास हा व्हायरस जगभर पसरला, तेव्हापासून आहेच, दीड ते सहा महिन्यांची पिल्लं सगळ्यात जास्त सापडतात. दवाखान्यात शीची किट टेस्ट होते, काही मिनिटात कळतं. व्हायरस मारणारं औषध घरात नसतं, सलाईन आणि उलटी थांबवायची इंजेक्शनं वेळेवर मिळाली तर बरीच पिल्लं वाचतात, घरी चमच्याने पाणी पाजत राहिलं तर बहुतेक नाही. लस एकदा देऊन भागत नाही, आईकडून आलेली प्रतिकारशक्ती लसीला काम करू देत नाही, ती नक्की कधी उतरेल ते सांगता येत नाही म्हणून ६ ते ८ आठवड्यांपासून १६ आठवड्यांपर्यंत दर दोन-चार आठवड्यांनी डोस देतात. शेवटचा डोस होईपर्यंत पिल्लाला दुसऱ्या कुत्र्यांच्या शीशूच्या जागी खाली सोडू नका. घरात पार्व्हो झाला तर फिनेल किंवा सॅनिटायझरवर विसंबू नका, आधी घाण धुवायची, मग ब्लीच १ भाग आणि पाणी ३० भाग, दहा मिनिटं ओलं राहू द्यायचं. मातीत तो वर्षभरसुद्धा टिकतो.

जंत तर पिल्लं बहुतेक घेऊनच येतात, गोल जंत आईच्या पोटातूनच आणि हुकवर्म दुधातून. म्हणून औषध २ आठवड्यांच्या वयापासून, दर दोन आठवड्यांनी, साधारण ८ आठवड्यांपर्यंत, नंतर सहा महिन्यांपर्यंत महिन्याला आणि पुढे तीन-एक महिन्यांनी, डोस वजनावर. हुकवर्म रक्त पितात, लहान पिल्लू त्यानेच पांढरं पडून जाऊ शकतं. यातले काही जंत माणसांनाही होतात, शी उचलल्यावर हात धुवा, पोरांना सांगा.

बरं, आता मोठा कुत्रा आहे, वरचं धोक्याचं काही नाही, नुसतं पोट बिघडलंय, तर घरी काय करायचं. उलट्या झाल्या असतील तर ६ ते १२ तास खायला देऊ नका. पूर्वी २४ तास उपाशी ठेवा म्हणायचे, आता तसं फारसं सांगत नाहीत. नुसते जुलाब असतील आणि उलटी नसेल तर उपाशी ठेवायचीच गरज नाही, आतड्याच्या अस्तराला बरंचसं पोषण आतून जाणाऱ्या अन्नातून मिळतं. पिल्लाला आणि एकदम छोट्या जातीच्या कुत्र्याला उपाशी ठेवूच नका, साखर उतरते आणि झटके येतात. पाणी कुणाचंही तोडायचं नाही, फक्त उलटीनंतर भरलेलं भांडं पुढ्यात ठेवू नका, घटाघटा पितो आणि सगळं परत बाहेर. दोन-चार चमचे, २० मिनिटांनी परत दोन-चार चमचे, ठरलं की वाढवा. बर्फाचा तुकडा चाटायला दिला तरी चालतो.

मग साधं उकडलेलं चिकन, कातडी नाही हाड नाही, आणि मऊ शिजवलेला भात, चिकन एक भाग भात दोन भाग. मीठ, तेल, मसाला काही नाही, आणि 'बिचाऱ्याला फिकं लागेल' म्हणून तुपाचा चमचा तर अजिबात नाही, त्या तुपानेच परत सगळं पहिल्यापासून. नेहमीच्या जेवणाच्या पाव हिस्स्यापासून सुरू करा, दिवसातून चार-सहा वेळा थोडं थोडं. चिकन सोसत नसेल तर डॉक्टरकडे पोटासाठीचं डबाबंद फूड मिळतं, ते जास्त बरं. दोन-तीन दिवसात शी बांधून आली की चार-पाच दिवसांत हळूहळू नेहमीचं फूड मिसळत न्या. पहिले एक-दोन दिवस शी झालीच नाही तरी घाबरू नका, पोटात काही नसतं मुळी. पण हे चिकन-भात आवडतंय म्हणून महिनोन् महिने चालू ठेवू नका, त्यात कॅल्शियम आणि बरंच काही नसतं. आमच्याकडे एकाने पोट बरं झाल्यावर पंधरा दिवस ड्राय फूडकडे बघून असं तोंड फिरवलं होतं की आम्हीच ओशाळलो.

माणसांची औषधं देऊ नका. आयबुप्रोफेनने पोटात अल्सर होतात आणि किडनी जाते, पॅरासिटामॉल लिव्हरवर जातं, आणि जुलाब थांबवायची जी गोळी सगळ्यांच्या पर्समध्ये असते, लोपरामाइड, ती कोली जातीच्या बऱ्याच कुत्र्यांच्या मेंदूपर्यंत पोचते आणि गुंगी, अडखळणं सुरू होतं. मागच्या वेळी उरलेलं अँटिबायोटिक पण नको, साध्या जुलाबात त्याची गरज बहुतेक नसतेच आणि पोटातले चांगले जंतू उगाच मरतात. कुत्र्यांसाठीचं प्रोबायोटिक द्यायला हरकत नाही, चमत्कार होत नाही पण एखादा दिवस लवकर बरं वाटू शकतं.

दोन छोट्या गोष्टी. पहाटे रिकाम्या पोटी पिवळा फेस ओकतो आणि नंतर दिवसभर मस्त, तर ते पित्त, रात्री झोपताना थोडं काहीतरी खायला द्या, बरेच कुत्रे तेवढ्यावर थांबतात. शी घट्ट होतेय, कुंथतोय, तर साधा उकडलेला लाल भोपळा एक-दोन चमचे फूडमध्ये, पाणी जास्त, फिरणं जास्त, पण दोन दिवसांवर गेलं तर दाखवा, आणि कुंथतोय ते शी साठी की शू साठी ते आधी नीट बघा, कारण शू अडकली असेल तर ती इमर्जन्सी आहे. घरी एनिमा वगैरे नको.

आणि जे जात नाही, आठ दिवस बरं आठ दिवस परत, असं तीन आठवड्यांच्या वर चाललं तर भात-चिकनचे प्रयोग थांबवा. फूड ॲलर्जी असेल तर एकच नवीन प्रोटीन देऊन सहा-आठ आठवडे बघावं लागतं, आणि त्या काळात एक बिस्किट जरी कुणी दिलं तरी मोजणी परत पहिल्यापासून. राक्षसासारखा खातोय आणि तरी हाडं दिसतायत, शी ढीगभर, फिकी, तेलकट, विशेषतः जर्मन शेफर्डमध्ये, तर स्वादुपिंड पाचक रसच बनवत नसेल, रक्ताची टेस्ट असते आणि खाण्यात त्या पाचक रसांची पावडर मिसळून पुढे छान जगतात. रक्ताच्या टेस्टबरोबर डॉक्टर शी मागतीलच, तर ती ताजी, त्याच दिवशीची न्या, सुपारीएवढी पुरते, माती-गवत न लागलेली, झाकणाच्या डबीत. जिआर्डिया (आतड्यात राहणारा सूक्ष्म परजीवी) रोजच्या रोज शीतून पडत नाही म्हणून कधी तीन वेगवेगळ्या दिवसांची मागतात. लगेच नेता येत नसेल तर फ्रीजमध्ये ठेवायची, डीप फ्रीझरमध्ये नाही, आणि डबीवर मोठ्या अक्षरात काय आहे ते लिहा, आमच्याकडे एकदा ती डबी चटणीची म्हणून जेवणाच्या टेबलापर्यंत आली होती.